पाण्याखालचा महादेव



उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज वादळात बुडालं. २९ जण गेले. तिकडच्या सरोवरांच्या तळाशी त्याहून कितीतरी जुनी लाकडी जहाजं आजही उभी आहेत. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात जगत नाही आणि तळाचं पाणी बारमाही थंडगार, म्हणून ती टिकली.

आपल्याकडे पाण्याखाली जहाज नाही, पण भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या पाण्याखाली देऊळ आहे. कांबरे गावचा कांबरेश्वर. वेळवंडी नदीवरचं आत्ताचं धरण १९२८ सालचं. त्याआधी तिथेच एक लहान धरण होतं. आत्ताच्या धरणात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. नीरेच्या कालव्यांनी ते बारामती-फलटणच्या उसाला जातं. वर्षातले दहा-अकरा महिने महादेव पाण्यात. उन्हाळी आवर्तनं सुटून तळ उघडा पडला, की मे महिन्यात दर्शन घडतं.

पण तिकडच्या जहाजांना जे सुख आहे, ते या देवळाला नाही. बुडालेलं बुडालेलंच राहिलं तर टिकतं. कांबरेश्वर दरसाल भिजतो, दरसाल तापतो. चुना ओला होतो, मग वैशाखाच्या उन्हात सुकून भुगा होतो, सांधे सुटतात. खालचं दगडी काम निभावून नेतं. शिखर मात्र विटांचं आहे.

या विटा पाण्यावर तरंगतात, असं इथली माणसं सांगतात. मला त्यात नवल वाटलं नाही. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराचं शिखरही अशाच हलक्या विटांचं आहे, आणि ते १२१३ सालचं. मात्र ही कीर्तीच आता मुळावर येते आहे. येणारा प्रत्येकजण वीट तरंगवून बघणार असेल, तर शिखर किती उन्हाळे पुरेल? पाण्याला थोपवता येत नाही, हाताला येतं. एवढं सांगण्यासाठीच मी आज आपल्यापुढे आलो आहे.

मी गेलो तेव्हा गाळ वाळून त्याच्या खपल्या उचलल्या होत्या. पायाखाली शिंपले करकरत होते. गाभाऱ्यातून दोघंजण घमेल्यानं चिखल काढत होते. शहरातून आलेला एक मुलगा विटेचा तुकडा घेऊन पाण्याकडे धावला. दारात बसलेल्या आजीनं हाक मारली, “ठेव रं बाळा जाग्यावर. देवाची हाय ती.”

तो थबकला. मागे वळला. वीट कुठून उचलली ती जागा त्याला सापडेना, तेव्हा आजी उठली आणि त्याच्यासोबत शोधू लागली.