औषधाचे नाव आणि औषधाचे दाम



आज औषधांच्या किमतीविषयी आणि कसाविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह जडला, की महिन्याच्या खर्चात एक नवी बाब कायमची येऊन बसते. सुगीच्या दिवसांत ती कशीबशी भागते. पण हात आखडला, की पहिली काट बसते ती म्हातारीच्या गोळ्यांवर. "मला आता बरं वाटतंय, कशाला हव्यात?" असे म्हणून ती आपण होऊनच गोळ्या सोडते. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही; म्हणून तो वाढलेला कळत नाही. कळतो तो एकदम, अर्धांगाचा झटका आल्यावर. तेव्हा औषधाचे दाम हा नुसता पैशाचा प्रश्न नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

आता बघा, औषधाला दोन नावे असतात. एक त्याचे मूळ नाव, म्हणजे आत कोणते द्रव्य आहे ते सांगणारे. दुसरे कंपनीने विक्रीसाठी ठेवलेले. तापावरची पॅरासिटामॉल घ्या. द्रव्य एकच, पण बाजारात तिला अनेक नावे आहेत आणि नावागणिक दर निराळा. मूळ नावाने विकले जाणारे औषध म्हणजेच आपण ज्याला 'जेनेरिक' म्हणतो ते.

ते स्वस्त का पडते? नवे औषध शोधणाऱ्या कंपनीला त्याचे पेटंट मिळते. ती मुदत वीस वर्षांची. तोवर दुसऱ्या कुणाला ते बनवता येत नाही. मुदत सरली, की कुणीही परवाना काढून ते बनवावे. त्याला शोधाचा खर्च नाही आणि जाहिरातीचाही फारसा नाही. आपल्या देशाने १९७० साली पेटंटचा कायदा बदलला. त्याने औषधावरचे पेटंट उठले, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर राहिले. २००५ पर्यंत हीच व्यवस्था होती आणि तिच्या जोरावर आपले औषधांचे कारखाने वाढले. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा एका सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरांत देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर खर्च येत असे.

यावर कुणी विचारील, "अहो, पण स्वस्त औषध म्हणजे हलके औषध नव्हे कशावरून?" शंका रास्त आहे. कायद्याने दोघांना कसोटी एकच. १९४० च्या औषध कायद्याखाली द्रव्य किती असावे, गोळी पोटात किती वेळात विरघळावी, हे ठरलेले असते. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या नव्या परवान्यासाठी २०१७ पासून आणखी एक अट आली: ते मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते, हे कारखान्याने दाखवले पाहिजे.

पण नियम कागदावर असून भागत नाही, तपासणी व्हावी लागते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतचा गैरकारभार उघड झाला. २०२५ साली आपल्या नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसाहून अधिक मुले गेली. त्यातही हेच रसायन निघाले. ध्यानात घ्या, त्या बाटलीवर कंपनीचे खास नाव छापलेले होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! तेव्हा मोठे नाव ही कसाची हमी नव्हे, आणि स्वस्त दर हा दोषाचा पुरावाही नव्हे. हमी मिळते ती तपासणीने. ती चोख व्हावी, हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

दराची आणखी एक गोम सांगतो. काही जेनेरिक पट्ट्या दुकानदाराला अगदी कमी भावात मिळतात, पण वर छापील किंमत भरमसाठ असते. मधला पैसा दुकानात राहतो, रोग्याला काही उरत नाही. म्हणून नुसते 'जेनेरिक' म्हटले की स्वस्त, असे समजू नये. छापील किंमत वाचावी. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत छापील किंमतच कमी असते. २०२३ अखेर अशी दुकाने देशात दहा हजारांवर गेली होती.

मग आपण करावे काय? डॉक्टरांना संकोच न करता विचारावे, "डॉक्टरसाहेब, याचे मूळ नाव लिहून द्याल का?" चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरे नाव आपल्या मनाने देण्याची मुभा दुकानदाराला कायद्याने नाही, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपाशीच उरकावी. पावती नेहमी घ्यावी; औषधाबद्दल तक्रार करायची झाली तर तीच कामी येते. फेफरे, थायरॉईड, रक्त पातळ करणारे औषध, यांत मात्र कंपनी परस्पर बदलू नये. तिथे थोड्या फरकानेही बिघडते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पट्टीवरची बारीक अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात, आणि गावातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाहीत. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहिलेले एकच औषध माणूस दुप्पट घेत राहतो आणि दोष नशिबाला देतो. वरच्या वर्गातील मुलांना पट्टीवरचे मूळ नाव, मुदत आणि किंमत वाचायला शिकवा. आजीच्या डब्यातल्या पट्ट्या मुलाने वाचाव्यात, मूळ नावे कागदावर उतरवावीत आणि तो कागद पुढच्या खेपेस डॉक्टरांना दाखवावा. एका तासाचे हे काम आहे, पण त्याने एखाद्या घरचे पैसे वाचतील आणि एखाद्या घरचे माणूसही.