कुंभकोणमचा हातमुरुक्कू

तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमला गोकुळाष्टमीच्या आधी अनेक घरांत मुरुक्कू आणि सीडै तळले जातात. यातला हाताने वळायचा ‘कै मुरुक्कू’ एकटीच्याने उरकत नाही. म्हणून शेजारणी-मैत्रिणी एखाद्या जाणत्या बाईभोवती जमतात. तांदूळ भिजवून, कापडावर सावलीत पसरून, ओलसर असतानाच दळतात. त्यात भाजलेल्या उडदाचे थोडे पीठ, लोणी, जिरे, हिंग, मीठ. आपल्या चकलीसारखा सोऱ्या इथे नाही. चिमटीत पिठाला पीळ देत देत स्वच्छ कापडावर वेढे घालायचे. पीळ दोरीसारखा उठून दिसला पाहिजे. खरे कसब तेच, आणि ते हाती यायला फार सराव लागतो. पीठ सुकले की वेढा तुटतो, म्हणून थोडे थोडेच मळतात. घरच्यासाठी दोन-तीन वेढे पुरतात. लग्नात मात्र सात, नऊ वेढ्यांचे थाळीएवढे मुरुक्कू मिरवतात.

सीडै म्हणजे तांदळाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या. त्या घट्ट वळल्या तर आत कोंडलेली वाफ तेलात फुटते, म्हणून सैल वळून कापडावर वाळवतात. कृष्णाला नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी चव घेत नाही. मिठाचा अंदाज अनुभवावरच.