सुती लुगडं टाकू नका




(विराम)

आज बोलू या घरातल्या वाकळीबद्दल, म्हणजे गोधडीबद्दल, आणि हाताच्या भरतकामाबद्दल.
आपला वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख.
वापरून मऊ झालेलं सुती लुगडं हेच वाकळीचं खरं कापड.
मऊ कापडात सुई सहज जाते.
म्हणून सुती लुगडं टाकू नका.

(विराम)

वाकळ शिवायची तर आधी कापड धुऊन वाळवा.
खाली एक लुगडं अंथरा.
मधे जुन्या कापडाचे थर लावा.
वर दुसरं लुगडं घाला.
मोठे कच्चे टाके घालून थर धरून ठेवा.
मग कडेपासून धावदोरा घाला.
ओळीमागून ओळ घालत मध्याकडे या.
टाका बारीक ठेवा, म्हणजे थर सरकणार नाहीत.
दोरा फार ओढू नका, कापडाला चुण्या पडतात.

(विराम)

आता भरतकामाकडे वळू या.
आपल्या विदर्भातल्या तांड्यांवर बंजारा भगिनी आरसे आणि कवड्या लावून भरतकाम करतात.
या कामात आरसा टाक्यांनीच बसवतात.
आधी आरशावरून आडवे-उभे टाके.
मग त्यांत सुई अडकवत भोवती गोल भरायचं.
उशीच्या अभ्र्यावर, दाराच्या तोरणावर हे काम फार शोभतं.

(विराम)

भरलेलं कापड थंड पाण्यात हलक्या हातानं धुवा.
सावलीत वाळवा.
इस्त्री उलट्या बाजूनं करा.

(विराम)

पुन्हा सांगते, सुती लुगडं टाकू नका.
घरातल्या आजीकडून धावदोरा शिकून घ्या.
आणि कुणाकडून वाकळ शिवून घेतली, तर शिवणारीला तिच्या मेहनतीचं पूर्ण मोल द्या.