कर्जाची मर्यादा आणि धमकीची मर्यादा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'अमेरिकेची कर्जमर्यादा' असे सांगितले. ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. कामगारांच्या पगारावर बोलणाऱ्या माणसाने अमेरिकेच्या तिजोरीत कशाला डोकवावे, असे त्यांना वाटले असावे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, करारांचे मसुदे वाचता वाचता. परंतु तीस वर्षे वाटाघाटी केल्यावर एवढे कळते की, धमकी कारखान्याच्या फाटकावर दिली काय किंवा वॉशिंग्टनमध्ये दिली काय, तिचे नियम फारसे बदलत नाहीत. शिवाय हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या परकीय गंगाजळीतला मोठा हिस्सा अमेरिकन सरकारच्या रोख्यांत गुंतलेला आहे.

प्रथम ही मर्यादा म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत खर्च किती आणि कर किती हे तेथील संसद, म्हणजे काँग्रेस, ठरवते. खर्च जास्त आणि कर कमी ठरले की तूट येते, व ती कर्ज काढूनच भरावी लागते. पण त्या कर्जाच्या एकूण रकमेवरही काँग्रेसनेच वेगळ्या कायद्याने मर्यादा घातली आहे. १९१७ साली, पहिल्या महायुद्धासाठी रोखे काढताना, या पद्धतीचा उगम झाला. १९३९ साली जवळजवळ सगळ्या कर्जाला मिळून एकच मर्यादा आली. घरात सर्वांनी मिळून वाण्याकडून महिनाभर उधारीवर सामान आणावे, खाऊन संपवावे आणि वाण्याची वही समोर आली की उधारी चुकवावी की नाही यावर मते घ्यावीत, तसा हा प्रकार आहे. मर्यादा वाढली नाही तर नवी उधळपट्टी थांबते असे नव्हे. जुनी देणी थकतात. रोख्यांचे व्याज, सैनिकांचे पगार, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन, सारे अडते.

आता २०११ सालचा प्रसंग घ्या. आदल्या वर्षाच्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे गेले होते. अध्यक्ष होते डेमोक्रॅटिक पक्षाचे ओबामा. सभापती बेनर यांची अट अशी की, मर्यादा जितकी वाढेल त्याहून अधिक खर्चकपात झाली पाहिजे. ओबामा बोलणी करायला बसले. अर्थखात्याने दिलेली अखेरची तारीख २ ऑगस्ट होती; त्याच दिवशी तडजोडीच्या कायद्यावर सही झाली. पुढची दहा वर्षे खर्चाला कात्री लावण्याचे ठरले. पैसे एकाही दिवशी थकले नाहीत. तरीही तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने अमेरिकेची पत एक पायरी खाली आणली. नुसत्या विलंबामुळे त्या वर्षी सरकारला कर्जासाठी सुमारे १३० कोटी डॉलर जादा मोजावे लागले, असा तेथील सरकारी हिशेब-तपासनिसांचा अंदाज आहे.

येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. २००७ सालची गोष्ट. एका कारखान्यात नवा करार व्हायचा होता. सात तारीख उलटली तरी पगार झाला नाही. मॅनेजर म्हणाले, "जादा उत्पादनाच्या कलमावर सही द्या, संध्याकाळी पगार वाटतो." पगार तर झालेल्या कामाचा होता! पण दिवाळी तोंडावर आली होती, आणि आम्ही सही केली. कामगारांनी पेढे वाटले. एक म्हातारा फिटर मात्र पेढा हातात धरून म्हणाला, "दादा, आज त्यांना कुलूप कसं उघडतं ते कळलं."

पुढच्या वर्षी बोनसच्या बोलण्यांच्या वेळी पगार पुन्हा अडला. या खेपेस आम्ही निक्षून सांगितले: आधी पगार, मग बोनसची भाषा. १९३६ च्या वेतन कायद्याखाली अर्ज केला, पतपेढीतून उचल मिळवून दिली, आणि अकराव्या दिवशी पगार झाला. त्यानंतर त्या कारखान्यात पगार कधी अडला नाही. पण त्या अकरा दिवसांत एका सोबत्याने मुलीच्या फीसाठी सायकल विकली. पहिल्या वर्षीच 'नाही' म्हटले असते, तर ती विकावी लागली नसती.

ओबामांचेही असेच झाले. २०१३ साली रिपब्लिकनांनी त्यांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर घाव घालण्यासाठी तेच शस्त्र पुन्हा उपसले. अंदाजपत्रक अडल्याने १ ऑक्टोबरपासून सोळा दिवस सरकारी कचेऱ्या बंद राहिल्या. ओबामा म्हणाले, मर्यादेवर सौदा नाही. उद्योग-व्यापारातले रिपब्लिकनांचे पाठीराखेही मर्यादा वाढवा म्हणत होते. अखेर विरोधकांना जवळजवळ रिकाम्या हाती परतावे लागले.

मग 'नाही' म्हणणे पुरेसे आहे काय? तसेही नाही. २०२३ साली कर्ज ३१.४ लाख कोटी डॉलरच्या मर्यादेला भिडले. बायडेनही प्रथम सौदा नाही म्हणाले. पण २६ एप्रिलला सभापती मॅकार्थी यांनी आपल्या अटींचे विधेयक प्रतिनिधिगृहात २१७ विरुद्ध २१५ मतांनी संमत करून घेतले. त्यांच्या हातात कागद आला. बायडेन यांच्या हातात नुसता नकार राहिला. मे महिन्यात बोलणी सुरू झाली आणि ३ जूनला सही झाली, पैसे संपण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी. त्या तडजोडीत एक कलम असे होते: सरकारी अन्नसाहाय्यासाठी कामाची अट, जी धडधाकट व मुलेबाळे नसलेल्या माणसांना ४९ व्या वर्षापर्यंत होती, ती ५४ व्या वर्षापर्यंत वाढली. म्हणजे आमच्या वयाच्या माणसांच्या ताटावर हा सौदा पटला. वस्तुतः २०२२ च्या अखेरीपर्यंत दोन्ही सभागृहांत बायडेन यांच्या पक्षाचे काठावरचे बहुमत होते. मर्यादेचा प्रश्न तेव्हाच निकालात काढला असता तर? जोर असताना कागद करून घ्यावा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

कोणी म्हणेल, कर्ज बेसुमार वाढते आहे, मग लगाम नको काय? काळजी खरी आहे. पण लगाम घालायचा तो खर्च आणि कर ठरवताना. आणि या खेळात दोन्ही पक्ष सामील आहेत. सिनेटर असताना २००६ साली ओबामांनीच मर्यादावाढीविरुद्ध मत दिले होते. पुढे ती चूक होती असे त्यांनी कबूल केले. उलट २०२५ च्या जुलैमध्ये, सत्ता हाती असताना, रिपब्लिकनांनीच ही मर्यादा ५ लाख कोटी डॉलरनी वाढवली. यावरून लगाम कोणता आणि हत्यार कोणते ते ओळखावे.

दुसरा आक्षेप आम्हालाच उद्देशून येईल: संप ही तरी काय, धमकीच ना? होय, धमकीच. पण संपात कामगार स्वतःची रोजी पणाला लावतो. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तो फसला तेव्हा आधी गिरणी कामगाराचीच चूल विझली. कर्जमर्यादेच्या भांडणात पणाला लागते ते तिसऱ्याचे घेणे: निवृत्त शिपायाचे, विधवेचे, रोखे घेतलेल्या परक्या देशाचे. आणि पैज लावणाऱ्यांची मात्र चूल पेटतीच राहते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. मागण्यांवर जितके भांडायचे तितके भांडावे. झालेल्या कामाचा पगार आणि घेतलेल्या कर्जाची फेड मात्र त्या यादीत येऊ देऊ नये. एकदा आली की ती दरवर्षी येते. गावची पतपेढी असो, नगरपालिका असो, सहकारी कारखाना असो, कोणी थकलेले देणे दाखवून नवी अट पुढे केली, तर सहीपूर्वी त्या सायकलीची आठवण ठेवा. आम्हाला ती सहीनंतर आली.