पान 108, नववा शब्द



संमेलनाध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी करावी, असा रिवाज आहे. सोमेश्वरनगरच्या या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने ती जबाबदारी पुढच्यांवर सोपवली आहे. त्याचा विषय साधा आहे: जादूचे प्रयोग शिकवणारी पुस्तके. कविता, कादंबरी, आत्मचरित्र यांना संमेलनांत पाट मांडलेला असतो. ‘कसे करावे’ हे सांगणाऱ्या पुस्तकाला मात्र मांडवाबाहेरच्या विक्रीच्या टेबलावरच जागा मिळते. वास्तविक गद्यलेखकाची खरी कसोटी तिथेच लागते. कादंबरीतले वाक्य फसले तर समीक्षक कुरकुर करतो. जादूच्या पुस्तकातले वाक्य फसले तर वीस माणसांसमोर नाणे खाली पडते.

फ्रान्समधल्या ब्ल्वा गावच्या एका घड्याळजीच्या पोराची हकीकत इथे सांगायला हवी. त्याने पुस्तकाच्या दुकानात घड्याळकामाचा ग्रंथ मागितला. दुकानदाराने नजरचुकीने वैज्ञानिक करमणुकीवरचे दोन खंड बांधून दिले. घरी जाऊन पुडके सोडले, तर आत जादू! हा तरुण म्हणजे पुढे आधुनिक जादूचा जनक मानला गेलेला झाँ यूजीन रोबेर-उदाँ. जन्म 1805 चा. ही हकीकत त्याने 1858 च्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे आणि जादूगाराच्या आत्मचरित्रावर किती विसंबायचे हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्याच पुस्तकात त्याने एक तक्रार केली आहे, ती शंभर टक्के खरी वाटते. त्या खंडांनी प्रयोगामागची युक्ती सांगितली होती, पण हात कसे चालवायचे ते सांगितलेच नव्हते. म्हणून त्याने गावातल्या एका माणसाकडून चेंडू झेलण्याची कला शिकून घेतली. चार चेंडू हवेत खेळवायचे आणि समोर उघडे ठेवलेले पुस्तक वाचायचे, असा सराव केला. पुढे 1868 मध्ये त्याने स्वतः जादूच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. वाचक म्हणून जे मिळाले नाही, ते लेखक होऊन दिले.

त्याचे आत्मचरित्र अमेरिकेत एरिक वाइस नावाच्या मुलाच्या हाती पडले आणि तो इतका भारावला की त्या नावावरून त्याने स्वतःचे नाव हुदिनी ठेवले. मोठा झाल्यावर 1908 मध्ये त्याच गुरूचे वाभाडे काढणारे पुस्तकही त्याने लिहिले. पुस्तकातून मिळालेल्या गुरूशी भांडणेही पुस्तकातूनच झाली.

युक्ती आणि कृती यांतले अंतर सोमेश्वरनगरच्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. इथे साखर कारखाना आहे आणि पॅनवर उभा राहणारा पॅनमन आहे. निर्वात पॅनमध्ये पाक किती दाट झाला, दाणा कधी धरला, तो वाढतोय की मधेच बारीक भुकटी पडतेय, हे तो पॅनमधून नमुना काढून काचेच्या तुकड्यावर पसरून पाहतो, बोटांत चोळून पाहतो. साखर तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत तापमान आहे, दाब आहे, घनता आहे. ते सगळे पाठ करून आलेला नवा मुलगाही पहिले काही दिवस जुन्या पॅनमनच्या बोटांकडेच बघत राहतो. मग पुस्तक निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. कुठे बघायचे हे त्याला पुस्तकामुळे कळते. जादूच्या पुस्तकाकडूनही तेवढीच अपेक्षा धरावी, आणि ती पुरी करणेही सोपे नसते.

आता एक प्रयोग. मंडपातल्या प्रत्येकाने मनात तीन अंकी संख्या धरावी. पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. ती संख्या उलटी लिहावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेली वजाबाकी पुन्हा उलटी लिहून तिच्यातच मिळवावी. समजा 732 धरली. उलटी 237. वजाबाकी 495. तिची उलटी 594. बेरीज 1089. कोणी 851 धरली असेल तर 693 आणि 396; बेरीज पुन्हा 1089. समोरच्याच्या हातात पुस्तक द्यायचे, आधीचे तीन अंक पानाचा क्रमांक आणि शेवटचा अंक शब्दाचा क्रमांक, असे सांगायचे. जादूगार डोळे मिटून पान 108 वरचा नववा शब्द सांगतो, कारण तो त्याने आदल्या रात्री पाठ केलेला असतो.

गणित उघड आहे. शतक आणि एकक स्थानच्या अंकांतल्या फरकाला 99 ने गुणले की वजाबाकी मिळते; तिचा मधला अंक कायम 9 आणि कडेच्या दोघांची बेरीजही 9. पण कोणी 221 धरली तर? उलटी 122, वजाबाकी 99. आता उलटी करा म्हटले की तो पुन्हा 99 च लिहितो, बेरीज 198 येते आणि जादूगाराचे तोंड उतरते. इथे 099 असे तीन अंकी लिहायचे असते, म्हणजे उलटी 990 होते आणि गाडी रुळावर येते. हे एक वाक्य ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक कोणीतरी खरोखर प्रयोग करून लिहिलेले असते. ज्यात नाही, ते दुसऱ्या पुस्तकावरून उतरवलेले असते. परीक्षणकर्त्यांनी ही चाचणी वापरून पाहावी.

हे झाले आकड्यांचे. हाताचे वर्णन त्याहून कठीण. एका हातातले नाणे दुसऱ्या हातात दिल्याचा भास करणे हा हातचलाखीचा पहिला धडा. वाईट पुस्तक सांगते, ‘नाणे डाव्या हातात दिल्यासारखे करावे.’ झाले! चांगले पुस्तक आधी नाणे खरोखर द्यायला लावते. दहा वेळा द्या आणि आपलाच हात नीट बघा: बोटे कधी मिटतात, मनगट किती वळते, रिकामा झालेला हात किती सैल पडतो. मग नाणे न देता तेच करा. आणि नजर? ती रिकाम्या मुठीच्या मागे गेली पाहिजे, कारण प्रेक्षक जादूगाराच्या हाताकडे बघत नाहीत, जादूगार जिथे बघतो तिथे बघतात. त्यात चित्रांचा आणखी एक घोळ. चित्र प्रेक्षकाच्या बाजूने काढले आहे की करणाऱ्याच्या, हे लिहिले नसेल तर शिकणारा उजव्याचे डावे करून बसतो.

चित्रांचे महत्त्व 1902 मध्ये शिकागोत निघालेल्या पत्त्यांवरच्या एका पुस्तकाने दाखवून दिले. लेखकाचे नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस, आणि हा माणूस खरा कोण होता हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. चित्रे 101, प्रत्यक्ष हात समोर ठेवून काढलेली. आपल्याला पैशांची गरज आहे म्हणून लिहितो आहे, असे त्याने प्रस्तावनेत सांगून टाकले. असा प्रामाणिकपणा मराठी प्रस्तावनांत दुर्मीळच. कॅनडाचा डाय व्हर्नन लहानपणी हे पुस्तक वाचू लागला आणि ते जवळपास तोंडपाठ करून शतकातला मोठा पत्त्यांचा जादूगार ठरला. 1920 च्या दशकात हार्लन टार्बेल याने तर टपालाने 60 धड्यांचा अभ्यासक्रम काढला. लिहिणारा तोच, चित्रे काढणाराही तोच. म्हणून तिथे मजकूर आणि चित्र एकमेकांशी भांडत नाहीत.

मग हेच ग्रंथ जसेच्या तसे मराठीत आणावेत का? इथे अध्यक्षाचा विरोध आहे. इंग्रजीतला या विषयावरचा पायाभूत ग्रंथ 1876 चा, ‘प्रोफेसर हॉफमन’ या टोपणनावाने एका बॅरिस्टरने लिहिलेला. त्यातला जादूगार शेपटीचा कोट घालतो. कोटाच्या मागच्या पदरांत खोल खिसे, टेबलाच्या पाठीमागे लपवलेली फळी, आणि प्रेक्षक सगळे समोर खुर्च्यांवर शिस्तीत बसलेले. इथल्या करंज्याच्या सोमेश्वर मंदिराच्या श्रावणातल्या गर्दीत उभ्या राहिलेल्या पोराच्या अंगात बुशशर्ट असतो, टेबल नसते आणि माणसे चारी बाजूंनी असतात; दोन-चार तर झाडावर. कोटाच्या खिशावर बेतलेला प्रयोग तिथे क्षणभरही टिकायचा नाही.

त्या गर्दीचे शास्त्र आपल्याकडे आधीच तयार आहे, फक्त ते कागदावर नाही. जमिनीवर बसून तीन वाट्या आणि चिंध्यांचे गोळे खेळवणारा मदारी, डमरू, बडबड, मधेच पोराला दरडावणे. ही बडबड उगाच नसते. प्रेक्षकाचे लक्ष नेमके ज्या क्षणी दुसरीकडे हवे, त्या क्षणी दरडावणी येते. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत इंद्रजाल आणि हस्तलाघव या दोन्ही कला मोजल्या आहेत, हर्षाच्या ‘रत्नावली’त ऐंद्रजालिक रंगमंचावर येतो. एवढी जुनी परंपरा, पण बोटांचे व्याकरण घराण्याघराण्यांत तोंडी राहिले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याच्या टोपलीतला साप गेला. तो जाणे योग्यच होते. पण सापाबरोबर त्याचा बाकीचा खेळही बाजारातून उठत गेला आणि तो कोणी लिहून ठेवला नाही, याचे दुःख साहित्यिकांना झाल्याचे दिसत नाही.

पुणे जिल्ह्यातले सर्वांत मोठे नाव जादूगार रघुवीर यांचे. रघुवीर भोपळे, जन्म 1924, गाव खेड तालुक्यातले आंबेठाण. पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात वाढलेला हा मुलगा राणा या जादूगाराचा शिष्य झाला आणि देशोदेशी प्रयोग करून आला. म्हणजे शिक्षण गुरुमुखातून. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांच्याकडे विद्या गेली, तीही घरातून. रघुवीरांनी लेखणीही चालवली. ‘प्रवासी जादूगार’ हे त्यांचे प्रवासवर्णन. बंगालमध्ये जादूगार पी. सी. सरकार यांनी मुलांसाठी जादू शिकवणारी पुस्तके लिहिली. ज्याला मोठे व्हायचे त्याने पुस्तकाऐवजी गुरूच धरावा, असा निष्कर्ष रघुवीरांच्या उदाहरणावरून कोणी काढेल. पण आंबेठाणहून पुण्याला जायला मिळालेल्या मुलालाच राणा भेटतो. बाकीच्या गावांत वाचनालय असते, तेही नशीब असेल तर.

‘गुपिते छापली तर धंदा बसेल,’ हा आक्षेप जुना आहे. लंडनमध्ये 1905 साली स्थापन झालेल्या मॅजिक सर्कल या संस्थेने आपले पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट यांनाच गुपिते प्रसिद्ध केल्याबद्दल काढून टाकले होते. आजच्या अध्यक्षाने 1089 चे रहस्य नुकतेच फोडले आहे, तेव्हा संयोजकांनी काय तो निर्णय घ्यावा. खरे पाहता युक्ती वाचून प्रयोग येत नाही हे आपण पाहिलेच. शंभरांनी पुस्तक चाळले तरी सरावाला बसणारे थोडेच. गुपित चोरीला जाते ते तीस सेकंदांच्या मोबाइल व्हिडिओतून. त्यातून शिकलेली मुले युक्तीबरोबर करणाऱ्याचे हसणे आणि भुवई उडवणेही उचलतात. छापील वर्णन वाचणाऱ्याला निदान स्वतःचा चेहरा वापरावा लागतो.

आणि काही गुपिते फोडण्यासाठीच असतात. 1584 मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकिणी म्हणून बायकांना छळणाऱ्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यात नाण्यांच्या, पत्त्यांच्या, सुरी खुपसल्याचा भास करण्याच्या युक्त्या उघड केल्या. जादूच्या इंग्रजी पुस्तकांची सुरुवात ही अशी झाली. महाराष्ट्रात तेच काम अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून केले. हळदीच्या कागदावर चुन्याचे पाणी पडले की लाल डाग उमटतो, यात ना कुंकू ना रक्त. नारळातून अचानक जाळ निघतो तो पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आल्यामुळे. हा प्रयोग मुलांनी मोठ्यांशिवाय करू नये, हे पुस्तकात पहिल्या ओळीत यावे, तळटीपेत नव्हे. या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे उकळणे त्याने गुन्हा ठरले. तिकीट लावून ‘ही हातचलाखी आहे’ म्हणणाऱ्या जादूगाराला त्याची भीती बाळगायचे कारण नाही.

मराठीला कृती सांगता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला आणि नव्याने संसार मांडलेल्या कितीतरी मुलींनी केवळ त्या मजकुराच्या भरवशावर चूल पेटवली. त्यांनी वाचणारीच्या स्वयंपाकघरात काय असेल याचा आधी विचार केला होता. जादूवर लिहिणाऱ्याने तसाच वाचणाऱ्याच्या खिशाचा विचार करावा.

म्हणून या संमेलनापुढे एक सूचना. तालुक्यातल्या शिक्षकांनी आणि अजून खेळ करणाऱ्या मदारी-गारुडी घरांतल्या जाणत्यांनी मिळून बारा-पंधरा प्रयोगांचे पुस्तक लिहावे. त्या जाणत्यांचे नाव मुखपृष्ठावर लेखक म्हणून यावे, आभाराच्या पानात नव्हे, आणि मानधनही लेखकाचेच मिळावे. जे प्रयोग सांगायला त्यांची तयारी नसेल ते मागू नयेत. मजकूर तयार झाला की सातवीतल्या मुलीला एकटीला खोलीत बसवून तो वाचायला द्यावा. चित्र नाही, समजावून सांगणारे कोणी नाही. बाहेर येऊन तिने प्रयोग करून दाखवावा. ज्या ओळीवर तिचा हात अडेल त्या ओळीवर पेन्सिलने खूण करावी, ती ओळ पुन्हा लिहावी, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेतली मुलगी बोलवावी.