वर्षाचा हिशेब, महिन्याची उजळणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी काहीतरी बोलावे अशी आज्ञा झाली. मी काही मोठा वक्ता नाही. खडू आणि फळा यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध, असा एक साधा शिक्षक आहे. म्हणून मोठा विषय न घेता, तुमच्या-माझ्या घरातला विषय निवडला आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण मनाशी काही ठरवतो. घराची डागडुजी करू, चार पैसे बाजूला टाकू, एखादा छंद जोपासू. वर्ष सरते आणि त्यातले काय झाले, काय राहिले, हे आपल्याला सांगता येत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय, एवढेच आज मला सांगायचे आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक कबूल करतो. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपली पाटी दाखवावी, हे बरे.

माझे थोरले भाऊ २००७ साली आखातात नोकरीला गेले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. वडील आजारी असत, म्हणून बँकेचे काम माझ्याकडे आले. भाई दरमहा १५ हजार रुपये पाठवीत. मी ते काढून आणी आणि घरात देई. अशी नऊ वर्षे गेली. २०१६ साली भाई कायमचे परत आले. इथे दुचाकी दुरुस्तीचे स्वतःचे गॅरेज टाकायचे, त्यासाठी तीन लाख रुपये साठले की परतायचे, असे त्यांनी जातानाच ठरवले होते आणि आम्हा सर्वांना ते ठाऊक होते. आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारले, "अरे, शिल्लक किती आहे?"

मला उत्तर देता आले नाही. बी.ए. झालेला, बी.एड. केलेला, वर्गातील साठ मुलांची हजेरी आणि गुणपत्रके बिनचूक ठेवणारा मी मास्तर, पण माझ्याच घराचा नऊ वर्षांचा एक कागद माझ्यापाशी नव्हता. बँकेत बावीस हजार होते.

भाई रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते नुसते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. पुढे काही दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलेना. आईला वाटे, मुलगा माझ्या हाताकडे बघतो आहे. मला वाटे, भाईंना माझाच संशय येतो आहे.

शेवटी आम्ही तिघांनी बसून आठवेल ते लिहून काढले. नऊ वर्षे म्हणजे १०८ महिने. १५ हजारांप्रमाणे एकूण १६ लाख २० हजार आले. घराच्या चिऱ्याच्या भिंती आणि दोन नव्या खोल्या यांना ५ लाख ४० हजार लागले. बहिणीच्या लग्नाला ३ लाख १० हजार आणि वडिलांच्या आजारपणाला १ लाख २० हजार गेले. बेरीज झाली ९ लाख ७० हजार. उरले ६ लाख ५० हजार. त्याला १०८ ने भागले तर महिन्याला सहा हजारांच्या आसपास येतात. सात माणसांच्या घराचा तो किराणा, वीज, औषध आणि शाळेची फी. म्हणजे कोणी उधळले नव्हते आणि कोणी लपवलेही नव्हते. संशयाला जागाच नव्हती; पण हिशेब नसला की जागा नसतानाही संशय घरात येऊन बसतो.

त्याहून कडू गोष्ट पुढे आहे. तीन लाखांना १०८ ने भागा. महिन्याला २,८०० रुपयेही पडत नाहीत. पहिल्याच वर्षाच्या अखेरीस कोणी वही उघडून पाहिले असते, की गॅरेजच्या नावावर एक रुपयाही पडलेला नाही, तर दुसऱ्या वर्षापासून दोन खोल्यांऐवजी एक बांधून, लग्नातला थोडा मान-पान कमी करून, ही रक्कम सहज बाजूला निघाली असती. पण आम्ही नऊ वर्षांत एकदाही पाहिले नाही. भाई पुन्हा तीन वर्षांसाठी परदेशी गेले. त्या वेळी त्यांची मुलगी चार वर्षांची होती. ते २०१९ साली परतले तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि पहिले आठ दिवस ती त्यांच्याजवळ जाईना. त्या तीन वर्षांची किंमत कोणत्याही वहीत मांडता येत नाही. तो माझा निष्काळजीपणा होता, हे मी आज भाईंच्या परवानगीने सांगतो आहे.

बंधुभगिनींनो, हिशेब लिहून ठेवणे हे काही कंजूषपणाचे लक्षण नव्हे. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तिथे ते पै न् पैचा खर्च टिपून ठेवीत. गाडीचे भाडे, टपालाची तिकिटे, वर्तमानपत्राचे दोन पैसेसुद्धा. रोज रात्री निजण्यापूर्वी जमाखर्चाचा मेळ घालीत. पुढे सार्वजनिक कामाचा मोठा पैसा हातून गेला, तेव्हा ही सवय कामी आली असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची छापील वही तयार केली. तशा वह्या तिथे आजही वापरात आहेत. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी तर स्वतःच्या स्वभावासाठीच वही केली होती. अंगी बाणवायचे तेरा गुण लिहून आठवड्याच्या सात दिवसांचे रकाने आखले, आणि जिथे चूक होई तिथे काळा ठिपका द्यायचा. वही ठिपक्यांनी भरून गेली. आपण परिपूर्ण झालो नाही, परंतु प्रयत्न केला नसता तर जसे राहिलो असतो त्यापेक्षा नक्कीच बरे झालो, अशी कबुली त्यांनी दिली आहे.

आपल्याला तर ही शिकवण घरातच आहे. कुरआन शरीफमधील सर्वात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, ही मुदतीच्या कर्जाची देवघेव लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे तीत बजावले आहे. जकात काढणाऱ्यालाही वर्ष पुरे होताच आपल्याजवळ काय आहे याचा हिशेब करावाच लागतो. मग घराचा हिशेब आपण वाऱ्यावर का सोडावा?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. २०१९ पासून आमच्या घरी जी पद्धत चालू आहे ती सांगतो. शंभर पानी एक साधी वही पुरते.

पहिला प्रश्न, वर्ष कधी सुरू करायचे? सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला लागते. हिजरी वर्ष मोहरमला बदलते आणि ते दरसाल सुमारे अकरा दिवस मागे येते. भिंतीवरचे कॅलेंडर जानेवारीत बदलते. माझ्या मते शाळकरी मुले असलेल्या घराने वर्ष जूनला धरावे. नव्या वह्या त्याच वेळी येतात, खर्चही त्याच वेळी होतो.

दुसरी गोष्ट, पहिल्या पानावर तीनच मथळे लिहावेत: घर, पैसा, छंद. प्रत्येकाखाली दोन गोष्टी. सहाच्या वर सातवी लिहायची नाही. मी पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात चौदा लिहिल्या होत्या. ऑगस्टपर्यंत त्यातल्या निम्म्या कोणत्या हेदेखील आठवेना.

तिसरी गोष्ट, जे लिहायचे ते मोजता आले पाहिजे आणि त्याला तारीख पाहिजे. "घर नीट करायचे" असे लिहू नये. "३१ मेच्या आत कौलांची शाकारणी" असे लिहावे. पावसाकडे मुदतवाढ मागता येत नाही. "बचत करायची" असे लिहू नये. "वर्षाला ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजार, आणि तेही पगाराच्या दिवशीच बाजूला" असे लिहावे. महिनाअखेरीस उरेल ते साठवू म्हणणाऱ्याजवळ काही उरत नाही. हल्ली तर मोबाइलवरून पैसे जातात. नोट मोडताना हाताला जे जाणवायचे, ते आता जाणवत नाही. म्हणून लिहिण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजळणी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मगरिबनंतर, घरातली सर्व माणसे अर्धा तास बसतात. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: झाले, चालू किंवा राहिले. "राहिले" असे लिहिले की शेजारी कारण लिहायचे, एकाच वाक्यात आणि खरे. आमच्याकडे वही माझी पत्नी लिहिते, कारण घरात काय येते व काय जाते हे माझ्यापेक्षा तिला जास्त कळते. भाची आता तेरा वर्षांची आहे. बेरजा तिच्याकडे असतात, आणि ती कोणाचीही गय करीत नाही.

डिसेंबरमध्ये सहामाही. त्या वेळी एखादे उद्दिष्ट बदलण्याची मुभा आहे. मात्र जुने खोडताना एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. आपण काय सोडले हेही वर्षअखेरीस समजले पाहिजे.

कारण लिहिण्याने काय साधते, याचे छंदातले उदाहरण देतो. मला आंब्याची कोयकलमे बांधण्याचा नाद आहे. पावसाळ्यात कोयीतून वर आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. पहिल्या वर्षी चाळीस बांधली, नऊ जगली. वहीत कारण लिहिले, "रोपे निबर झाली होती, उशीर झाला." दुसऱ्या वर्षी रोपे पंधरा दिवसांच्या आतली घेतली. चाळीसपैकी सतरा जगली. या वेळी कारण लिहिले, "काडीवरची पाने आठ-दहा दिवस आधी काढली नव्हती." तिसऱ्या वर्षी तेही केले. पन्नासपैकी एकतीस जगली. हात तोच होता. फरक पडला तो गेल्या वर्षीची चूक या वर्षी डोळ्यांसमोर होती म्हणून.

छंदाला हिशेब कशाला, असे कोणी विचारील. छंदावर गुण मिळत नाहीत, पैसाही मिळत नाही, म्हणून कामाच्या रेट्यात तोच पहिला बळी जातो. वहीत त्याचे नाव असले म्हणजे महिन्यातून एकदा तरी त्याची आठवण होते. पुस्तक वाचायचे असो, सुलेखन शिकायचे असो की परसात भाजी लावायची असो, त्याला एक ओळ द्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही अशी वही ठेवा. मात्र "पहिला नंबर काढीन" असे लिहू नका. नंबर तुमच्या एकट्याच्या हाती नसतो. "रोज एक तास गणित, आठवड्याला एक निबंध" असे लिहा. जे आपल्या हाती आहे तेच मोजावे.

पालकांना दोन गोष्टी विनयपूर्वक सांगतो. ही वही कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नाही. "बघ, तुझ्यामुळे राहिले" असे एकदा कोणी म्हटले की पुढच्या महिन्यापासून घरातली माणसे खोटे लिहू लागतात. आणि शेजाऱ्याच्या वहीशी आपली वही ताडून पाहू नका. शेजाऱ्याच्या घरावर स्लॅब पडला म्हणून आपल्या पहिल्या पानावर स्लॅब लिहायचा नाही.

आमच्या घरी सर्व काही पार पडते असे समजू नका. गेल्या वर्षी सहापैकी चार झाली. मुलांच्या अभ्यासाचे टेबल राहिले, कारण सुताराला दिलेली आगाऊ रक्कम आईच्या औषधासाठी मागे घ्यावी लागली. ते कारण वहीत आहे, आणि या वर्षी टेबल पहिल्या ओळीवर आहे. चार झाली हे माहीत असणे, आणि दोन का राहिली हे माहीत असणे, यालाच मी प्रगती म्हणतो.

भाईंचे गॅरेज आज चालू आहे. लहानसेच आहे. दर शनिवारी रात्री ते गल्ल्याजवळची वही काढून स्वतः मेळ घालतात, आणि मुलगी शेजारी बसून आकडे सांगते. बारा वर्षे परदेशात काढलेल्या माणसाला त्या अर्ध्या तासाचे मोल काय आहे, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

आपल्या वस्तीत अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांचा कर्ता माणूस आज समुद्रापलीकडे आहे. त्या घरातील मुलामुलींना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही शिकलेले आहात. तुमचे वडील, तुमचे भाऊ ज्या दिवशी विचारतील, त्या दिवशी तुमच्यापाशी उत्तर असू द्या. वाटेत वह्यांचे दुकान लागेल, तिथून एक वही घ्या. आज रात्रीच पहिले पान लिहा.