खांद्यावरचे वस्त्र

गेल्या वैशाखात भाच्याच्या लग्नाच्या खरेदीसाठी गांधीबागेत गेलो होतो. नागपूरकरांना गांधीबाग सांगायला नको. ठोक कापडाचा बाजार. गठ्ठे वाहणारे हातठेले, त्यांतून वाट काढणाऱ्या स्कूटरी, आणि गादीवर बसून ठाणावर ठाण उलगडणारे दुकानदार. मी उपरणे मागितले. दुकानदाराने शेरवानीचा एक ‘सेट’ पुढे टाकला. उपरणे त्यातच होते. चुण्या घालून, इस्त्री करून, डाव्या खांद्याला पक्के शिवलेले. मी म्हटले, “सुटे नाही का?” तर म्हणतो, “सर, सुटं आजकाल कोण घेते? घसरते ना ते!”

घसरते हे खरेच. उपरण्याला गुंडी नाही, बंद नाही, टाका नाही. ते अंगावर राहते ते केवळ नेसणाऱ्याच्या चालीने. जरा वाकलात की खाली, जरा हात उंचावलात की बाजूला. म्हणून आपल्या आजोबांचा उजवा हात बोलता बोलता डाव्या खांद्याकडे जाई आणि उपरणे सारखे करी. त्या एका हालचालीत किती भारदस्तपणा होता, हे तो हात थांबल्यावर आपल्याला कळते.

आता तुम्हाला थोडे दूर नेतो, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात. तिथल्या पुरुषांचा चौकटीच्या लोकरी कापडाचा घागऱ्यासारखा पोशाख आपण चित्रांत पाहिलेला असतो. त्यातला किल्ट सर्वांना ठाऊक; पण खांद्यावरचे वस्त्र, प्लेड, त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. मुळात ही दोन वस्त्रे नव्हतीच. एकच लांबलचक घोंगडीवजा कापड. अर्धे चुण्या घालून कमरपट्ट्याने आवळायचे आणि उरलेले डाव्या खांद्यावर टाकायचे. म्हणजे धोतर आणि उपरणे एकाच पन्ह्यात म्हणा ना! पाऊस आला की तेच डोक्यावर, रात्र झाली की तेच पांघरूण. प्लेड ह्या शब्दाचे मूळही गेलिक भाषेतल्या घोंगडी ह्या अर्थाच्या शब्दात आहे.

पुढे 1746 साली कलोडनच्या लढाईत हे डोंगरी लोक हरले आणि त्याच वर्षी त्यांच्या पोशाखावरच बंदीचा कायदा आला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार. सूट फक्त राजाच्या फौजेतल्या शिपायांना. बंदी उठली 1782 साली. छत्तीस वर्षे! ज्याने बापाला ते कापड नेसताना पाहिलेच नाही, असा माणूस त्या काळात बाप झाला होता. मग 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने बडी बडी मंडळी चौकटीच्या कापडात सजून निघाली. तेव्हापासून हा पोशाख समारंभाचा झाला. आज तिकडे लग्नाला किंवा मेजवानीला जाताना खांद्यावर जे टाकतात, तो एक झालरीचा चौकोनी तुकडा असतो. त्याचे टोक कोटाच्या खांदपट्टीखालून घ्यायचे, पुढे चांदीच्या मोठ्या ब्रोचने अडकवायचे, बाकीचे पाठीवर गुडघ्यापर्यंत सोडायचे. दिसते देखणे. पण पावसात ते कोणी डोक्यावर घेत नाही.

नागपूरला हा स्कॉटलंड तसा परका नाही. ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्या शहरात आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचेच. ते मात्र डोंगरातले नव्हेत, दक्षिणेकडच्या सीमाभागातले. तिथले मेंढपाळ करड्या चौकटींचे प्लेड खांद्यावर टाकीत, अगदी आपल्या धनगराच्या घोंगडीसारखे. आणि 1853 साली तिसरे रघूजी भोसले निवर्तल्यावर ज्याने नागपूरचे राज्य खालसा केले तो डलहौसीही स्कॉटिशच. दरबार गेला आणि शेलापागोट्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे 1877 साली टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपूर, उमरेड, पवनी इथल्या कोष्ट्यांनी तरीही माग चालू ठेवला. रेशीमकाठी धोतरे, उपरणी हा त्यांचा हातखंडा. करवतीकाठ विणायचा तर एका धोट्याने भागत नाही, तीन लागतात. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक फेरीला काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवावा लागतो, तेव्हा कुठे ते करवतीचे दाते उमटतात. एम्प्रेस मिलही 2002 साली बंद झाली. इथे कोणी कायदा केला नाही, कोणाला कैद झाली नाही. कोट आला, पँट आली, आपण आपणहून खांदा मोकळा केला. अर्थात शेतकऱ्याच्या खांद्यावरचा शेला मात्र टिकला, कारण त्याला विदर्भाचे ऊन डोक्यावर घ्यायचे असते.

मी ‘सेट’ला नको म्हणालो, पण भाच्याला तोच आवडला. लग्न त्याचे, मी गप्प बसलो. पिन किंवा टाका ह्याचा मला विटाळ नाही. स्कॉटलंडचे लोकही ब्रोच लावतातच की.

लग्नाच्या दिवशी मात्र गंमत झाली. सप्तपदीच्या आधी गुरुजी म्हणाले, “गाठ बांधा.” करवली नवरीचा पदर घेऊन पुढे आली आणि नवरदेवाच्या खांद्याशी चाचपडू लागली. चुण्या शिवलेल्या, टोक खालच्या अस्तरात गेलेले. माझी आत्या, वय ऐंशीच्या पुढे, चष्मा सारखा करीत म्हणाली, “अरे, याले पदरच नाही. गाठ कायले मारू?” मंडपात हशा पिकला, भाचा मात्र कानापर्यंत लाल झाला. हसावे असे मला काही वाटेना.

माझ्या खांद्यावर आजोबांचे पवनीचे उपरणे होते. मी ते काढून भाच्याच्या शेरवानीवरून टाकले. आत्याने स्वतः गाठ मारली आणि ती दोघे सात पावले चालली. तेवढा वेळ माझा उजवा हात दोनदा तरी रिकाम्या खांद्याकडे गेला.

आठवड्याने पुन्हा गांधीबागेत गेलो. त्याच दुकानदाराने नोकराला माळ्यावर चढवले. धुळीने पिवळ्या पडलेल्या कागदात दोन सुटी उपरणी निघाली, काठ रेशमी. “जुना माल आहे सर, भाव काय लावू?” तो म्हणाला. मी दोन्ही घेतली. एक भाच्याला दिले. दुसरे नेसून कॉलेजात जावे की काय, याचा विचार चालू आहे. मुले हसतील, आणि फळ्यावर लिहिताना ते घसरेल हे नक्की.